गाववार बेरीज क्रमाने छापायची तर

लातूरच्या मोंढ्यात आडतीवरची साधी फाईल घ्या: गाव आणि सोयाबीनचे कट्टे. ऑक (awk, मजकुराच्या फाईली ओळ-ओळ वाचणारी छोटी प्रोग्रॅमिंग भाषा) मध्ये गाववार बेरीज ॲरेत, म्हणजे गावाचं नाव ही चावी आणि कट्टे ही किंमत अशा यादीत, जमवायला एक ओळ पुरते. खरी गंमत छापताना. 'फॉर-इन' या लूपने चाव्यांवरून एकेक करून फिरलं की आधी मुरूड, मग औसा, मध्येच किल्लारी. तुमचं काही चुकलेलं नसतं; ऑकच्या ॲरेला ठरलेला क्रम नसतोच.

मग हात जातो 'एसॉर्ट' (asort) या क्रम लावणाऱ्या फंक्शनकडे. जरा थांबा. ते किमती, म्हणजे कट्ट्यांचे आकडे, चढत्या लावतं, पण चाव्या पुसून 1, 2, 3 अशा नव्या घालतं. मी एकदा तेच केलं: कट्टे झकास ओळीत लागले, पण कुठल्या गावाचे ते कळेना! 'एसॉर्टआय' (asorti) चाव्या लावतं, पण अक्षरं म्हणून. चावी पट्टी नंबर असेल, तर 10 हा 9 च्या आधी येतो.

गॉक (gawk, ऑकची जीएनयू आवृत्ती) 4.0 किंवा पुढचं असेल तर फिरण्याआधी 'प्रोकइन्फो' (PROCINFO) या तयार ॲरेच्या 'सॉर्टेड_इन' (sorted_in) या चावीत '@व्हॅल_नम_डेस्क' (@val_num_desc) लिहा. मग तोच साधा 'फॉर-इन' जास्त कट्ट्यांचं गाव आधी देतो, नावासकट.

उबुंटू लिनक्सवर मात्र बहुधा मॉक (mawk, ऑकची दुसरी आवृत्ती) असतं, तिथे क्रम लावायच्या या युक्त्यांतलं काहीच चालत नाही. तिथे छापलेलं पाईपने (| या खुणेने) 'सॉर्ट -आरएन' (sort -rn, आकडे उतरत्या क्रमाने लावणारी आज्ञा) ला द्या. फक्त आकडा आधी, गाव नंतर छापा. नाव आधी ठेवून दुसऱ्या रकान्यावर लावायला गेलात, तर 'परळी वैजनाथ'मधली मोकळी जागा घोळ घालते.