काट्यांवरून कुळ ठरवू नये: कातळावरचे काटेरी सरडे ओळखण्याची रीत

मे महिन्याच्या सुट्टीत मुंबईहून कुलू किंवा नैनितालकडे गेलेली मंडळी अनेकदा रस्त्याकडेच्या दगडी भिंतीवर ऊन खात बसलेल्या एका जाडजूड, चपट्या सरड्याचे छायाचित्र घेऊन परततात. त्याच्या शेपटीवर टोकदार खवल्यांची एकामागे एक कडी दिसतात आणि 'हा कोण?' या प्रश्नाला घरबसल्या मिळणारे उत्तर बहुधा 'घोरपडीचे पिल्लू' किंवा 'सांडा' असे असते. दोन्ही उत्तरे चुकीची आहेत. तो बहुधा लॉडाकिया ट्युबरक्युलाटा, म्हणजे पश्चिम हिमालयातला कातळसरडा असतो. अशी चूक टाळण्यासाठी काय, कोणत्या क्रमाने पाहावे हे पुढे मांडले आहे.

सर्वांत आधी काटे बाजूला ठेवावेत. हा सल्ला विचित्र वाटेल, कारण नजर प्रथम काट्यांवरच जाते. परंतु काटे हे त्या प्राण्याची राहण्याची रीत सांगतात, त्याचे गोत्र सांगत नाहीत. कातळावर राहणाऱ्या सरड्याला घार, साप किंवा मुंगूस दिसताच जवळच्या कपारीत शिरावे लागते. आत शिरल्यावर अनेक जाती फुप्फुसांत हवा भरून अंग फुगवतात, त्यामुळे पाठ आणि पोट दोन्ही बाजूंच्या दगडाला घट्ट टेकतात, मागे वळलेले टोकदार खवले दगडाच्या खरखरीत पृष्ठभागात अडकतात आणि काटेरी शेपटी कपारीचे तोंड अडवते. मग शत्रूने कितीही ओढले तरी सरडा बाहेर येत नाही. ज्या ज्या खंडात उघडे कातळ आणि भेगा आहेत, तिथे निरनिराळ्या कुळांतल्या सरड्यांना या एकाच युक्तीने तारले आहे. आशिया आणि आफ्रिकेतले अ‍ॅगॅमिडी कुळातले सरडे, आफ्रिकेतले कॉर्डिलिडी, उत्तर व मध्य अमेरिकेतल्या स्केलोपोरस प्रजातीचे (प्रजाती म्हणजे जवळच्या जातींचा गट) फ्रायनोसोमॅटिडी आणि ऑस्ट्रेलियातल्या एगर्निया प्रजातीच्या सापसुरळ्या, हे सर्व दिसायला भावंडांसारखे असले तरी एकमेकांचे जवळचे नातलग नाहीत.

उलट बाजूही तितकीच बोलकी आहे, आणि मला स्वतःला ती अधिक पटते. आफ्रिकेच्या कॉर्डिलिडी या एकाच कुळात पाहावे. त्यातला प्लॅटिसॉरस दगडाच्या अगदी बारीक भेगेत राहतो, पण त्याच्या पाठीवर काटे नाहीत. तो इतका चपटा असतो की त्याला त्यांची गरजच पडत नाही. स्मॉग जायगँटियस अंगभर भाल्यांसारखे काटे बाळगतो, पण तो कातळावर न राहता दक्षिण आफ्रिकेच्या गवताळ पठारावर जमिनीत बीळ खणून राहतो. चॅमेसॉरा तर गवतात सापासारखा सरपटतो आणि त्याचे पाय जवळजवळ नाहीसे झाले आहेत. याच कुळातला ऊरोबोरस कॅटाफ्रॅक्टस कपारींत समूहाने राहतो, वाळवी खातो, अंडी न घालता एकदोन पिल्लांना जन्म देतो आणि उघड्यावर गाठला गेला तर स्वतःची शेपटी तोंडात धरून काटेरी कडे करतो. हे चौघे एका कुळातले आहेत हे काटे पाहून कोणालाही सांगता आले नसते.

मग पाहावे काय? प्रथम डोक्याचा वरचा भाग पाहावा. तिथे मोठ्या, एकमेकींना बरोबर जुळणाऱ्या तकटांची, म्हणजे रुंद चपट्या खवल्यांची, मांडणी दिसली तर प्राणी कॉर्डिलिडी किंवा सापसुरळ्यांच्या कुळातला असण्याची शक्यता मोठी असते. बारीक, अनियमित खवल्यांचा गालिचा दिसला तर अ‍ॅगॅमिडीकडे वळावे. स्केलोपोरसचे डोके या दोहोंच्या मधले वाटते, पण त्यांचा देश वेगळा असल्याने घोटाळा होत नाही. छायाचित्र कुठे घेतले, हे म्हणूनच नेहमी आधी विचारावे.

दुसरी जागा मांडीच्या खालच्या बाजूची. कॉर्डिलिडी आणि स्केलोपोरस यांच्या मांडीवर मेणासारखा द्रव स्रवणाऱ्या रंध्रांची रांग असते. सापसुरळ्यांना ती नसते, आणि काटेरी एगर्नियाला आफ्रिकेतल्या सरड्यांपासून वेगळे करण्याची ही सोपी खूण आहे. लॉडाकियालाही मांडीवर रंध्रे नसतात. त्याच्या नराला पोटाच्या मध्यावर आणि अवस्कराच्या (शेपटीच्या मुळाशी असलेल्या उत्सर्जनाच्या छिद्राच्या) पुढे जाड, घट्टे पडल्यासारख्या खवल्यांचे पट्टे असतात.

तिसरी खूण दातांची आहे. ती जिवंत प्राण्यात पाहता येत नाही, पण मेलेला नमुना किंवा कवटी हाती आली तर तिच्याइतकी विश्वासार्ह खूण क्वचितच सापडते. अ‍ॅगॅमिडी कुळातल्या सरड्यांचे बहुतेक दात जबड्याच्या कडेवर हाडाशी एकजीव झालेले असतात आणि झिजल्यावर बदलत नाहीत. रंग बदलणाऱ्या शॅमेलिऑनचे दातही असेच असतात, आणि ते अ‍ॅगॅमिडींचे सर्वांत जवळचे नातलग आहेत. कॉर्डिलिडी, स्केलोपोरस आणि सापसुरळ्या यांचे दात जबड्याच्या आतल्या बाजूला टेकून उभे असतात.

कुळ निश्चित झाल्यावरच काट्यांकडे परत यावे, कारण प्रजाती आणि जात ठरवताना त्यांचा खरा उपयोग होतो. पाठीच्या मध्यावरचे खवले बाजूच्या खवल्यांपेक्षा मोठे आहेत का, त्यांवर मधोमध उंच धार आहे का, कानाच्या पडद्याभोवती काट्यांचे झुबके आहेत का आणि शेपटीवरची कडी किती-कितीच्या गटांत विभागली आहेत, हे मोजून लिहावे. शेवटच्या मोजणीला लॉडाकियाच्या गटात विशेष महत्त्व आहे.

नावांचा इतिहास वाचायचा सराव याच गटावर करावा. लडाखच्या दगडधोंड्यांत दिसणाऱ्या सरड्याचे वर्णन प्राणिशास्त्रज्ञ श्टाइंडाखनर यांनी 1867 मध्ये स्टेलिओ हिमालयानस या नावाने केले. पुढे तो अगामा प्रजातीत गेला, नंतर ग्रे यांनी 1845 मध्ये स्थापलेल्या लॉडाकिया प्रजातीत आला. 2012 मध्ये बेग, वागनर, अनानयेवा आणि ब्योमे यांनी शरीररचनेच्या आधारे लॉडाकियाचे विभाजन केले, तेव्हा तो पॅरालॉडाकिया हिमालयाना झाला. सरडा तोच राहिला; बदलली ती त्याच्या नात्यांविषयीची आपली समजूत. म्हणूनच शास्त्रीय नावापुढे मूळ लेखकाचे नाव व वर्ष कंसात छापलेले दिसले की जातीचे वर्णन आधी दुसऱ्या प्रजातीत झाले होते असे समजावे. कंस नसेल तर ती पहिल्यापासून त्याच प्रजातीत आहे. कॉर्डिलिडी कुळाचीही अशीच फेरमांडणी 2011 मध्ये झाली, पण ती डीएनएच्या पुराव्यावर झाली, आणि कॉर्डिलस या एका नावाखाली कोंबलेल्या जाती अनेक प्रजातींत वाटल्या गेल्या. मराठीत लिहिताना प्रजाती म्हणजे मोठा गट आणि जाती म्हणजे त्यातला घटक, हा भेद काटेकोर पाळावा; वर्तमानपत्रांत तो सर्रास उलटा होतो.

सांड्याचा खुलासा इथे करायला हवा, कारण मुंबईच्या पदपथांवर त्याचे तेल वर्षानुवर्षे विकले गेले आहे. सारा हार्डविकी हा सांडा अ‍ॅगॅमिडी कुळातलाच, पण वेगळ्या उपकुळातला आहे. त्याची शेपटी काटेरी असली तरी तो वायव्येकडच्या कोरड्या प्रदेशात जमिनीत बीळ करून राहतो आणि मुख्यतः वनस्पती खातो. त्या तेलाला औषधी गुण असल्याचा दावा निराधार आहे, आणि या निरुपद्रवी प्राण्याला पकडणे, मारणे वा विकणे हा वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 नुसार गुन्हा आहे.

सरावासाठी हिमालयात जाण्याची गरज नाही. इमारतीच्या कुंपणावर बसणाऱ्या नेहमीच्या सरड्याच्या, म्हणजे कॅलोटिस व्हर्सिकलरच्या मानेवर व पाठीवर काट्यांचा तुरा असतो आणि कानाच्या पडद्याच्या वर दोन काटे स्पष्ट दिसतात; तो झाडाझुडपांवरचा प्राणी आहे, पण अ‍ॅगॅमिडीचे डोके कसे असते हे त्याच्यावर उत्तम शिकता येते. कान्हेरीच्या लेण्यांतल्या काळोख्या भेगांत हेमिडॅक्टिलस मॅक्युलॅटस ही मोठी कातळपाल दिवसा दडून असते. तिच्या पाठीवर उंचवट्यांच्या रांगा असतात, पण पापण्या नसलेले डोळे, उभी बाहुली आणि बोटांखालच्या पट्ट्या ती पाल असल्याचे लगेच सांगतात. आणि पालापाचोळ्यातून सळसळत जाणारी गुळगुळीत, चकचकीत सापसुरळी दिसली तर तिच्या डोक्यावरची तकटे निरखून पाहावीत: ती आफ्रिकेतल्या त्या काटेरी ऊरोबोरसची आपल्या कुंपणावरच्या सरड्यापेक्षा कितीतरी जवळची नातलग आहे.

छायाचित्रे किमान चार घ्यावीत: डोके वरून, डोके बाजूने कान दिसेल असे, पाठीचा मध्य आणि शेपटीचे मूळ. सरड्याला हात लावू नये, कपारीत काठी घालू नये आणि दगड उलथू नयेत. राष्ट्रीय उद्यानात परवानगीशिवाय प्राणी पकडता येत नाही.  मांडीची रंध्रे, दात आणि कवटी यांसाठी संग्रहालयातले नमुनेच पाहावेत. 1883 मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचा सरीसृपांचा संग्रह फोर्टमधल्या हॉर्नबिल हाउसमध्ये आहे. तिथे जाण्यापूर्वी लेखी विनंती करावी आणि कोणत्या प्रजातीचे कोणते अवयव पाहायचे आहेत हे त्या पत्रातच नमूद करावे.