अपघाती मृत्यूच्या क्लेमची तयारी: वह्या रद्दीत घालू नका

घरातला कमावता माणूस रस्त्यावरच्या अपघातात गेला की तेराव्यापर्यंत कागदपत्रांचं कोणाला सुचत नाही. सुचावं तरी कसं! पण त्याच तेरा-चौदा दिवसांत जे कागद घराबाहेर जातात, ते पुढे तीन-चार वर्षं कोर्टात मागितले जातात. हे मला तेव्हा कोणी सांगितलं नाही. २०१८ मध्ये माझा धाकटा भाऊ ट्रकच्या धडकेत गेला. शिकलेला म्हणून भरपाईच्या क्लेमची सगळी धावपळ माझ्याकडे आली, आणि सगळ्यांत महागात पडलेली चूकही माझ्याच हातून झाली. आता मामेबहिणीचे यजमान तसेच गेले आहेत. तिच्यासाठी जी यादी करायला बसलो, ती सगळ्यांच्याच उपयोगी पडावी म्हणून सविस्तर लिहितो आहे.

आधी ती चूक. भाऊ फरशी बसवायची कामं घ्यायचा. काळ्या रेक्झिनच्या डायऱ्या असायच्या त्याच्या, वर्षाला एक. पानाच्या डावीकडे खोल्यांची मापं, उजवीकडे मजुरी, खाली किती आले आणि किती बाकी. हिशेब पुरा झाला की त्या पानावर पेन्सिलीची तिरकी रेघ. अशा सहा डायऱ्या होत्या. घर आवरताना भावजयीला त्याचं अक्षर बघवेना, म्हणून चौदाव्या दिवशी मी त्या वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्याबरोबर रद्दीत दिल्या. त्याचा मोबाइल फॉरमॅट करून पुतण्याला दिला. दोन वर्षांनी साक्षीच्या वेळी ट्रकच्या विमा कंपनीच्या वकिलांनी भावजयीला एवढंच विचारलं, ते महिन्याला पंचवीस हजार कमवायचे याला कागद काय? कागद नव्हता. न्यायाधिकरणाने, म्हणजे मोटार अपघातांचे दावे चालवणाऱ्या कोर्टाने, उत्पन्न धरलं नऊ हजार.

नऊ आणि पंचवीसमध्ये किती फरक पडतो ते गणित मांडूनच दाखवतो, कारण ते समजल्याशिवाय पुढचं माझं डोकं खाणं पटणार नाही. भरपाई अंदाजाने ठरत नाही. सरला वर्मा खटल्यात २००९ मध्ये आणि प्रणय सेठी खटल्यात २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पद्धत घालून दिली आहे. मासिक उत्पन्न घ्यायचं. माणूस स्वतःचा धंदा करणारा आणि चाळिशीच्या आतला असेल तर त्यात भविष्यातल्या वाढीचे ४० टक्के मिळवायचे. कायम नोकरी असेल तर ५० टक्के. मग त्याचा स्वतःचा खर्च वजा करायचा: अवलंबून असणारे दोन-तीन असतील तर एक तृतीयांश, चार ते सहा असतील तर एक चतुर्थांश, अविवाहित असेल तर साधारणपणे निम्मा. उरलेल्याला बाराने गुणायचं आणि मग वयानुसार ठरलेल्या गुणकाने. ३१ ते ३५ वयाला तो १६ आहे. भाऊ ३४ वर्षांचा, मागे बायको, दोन मुलं आणि आई. नऊ हजार धरले तर १८ लाख १४ हजार ४०० येतात. पंचवीस हजार धरले तर ५० लाख ४० हजार. म्हणजे त्याच्या महिन्याच्या कमाईतला प्रत्येक हजार रुपया सिद्ध करण्याची किंमत दोन लाख एक हजार सहाशे होती. त्या डायऱ्यांचे रद्दीवाल्याने किती दिले ते मला आठवतही नाही.

म्हणून यादीत पहिलं आणि पुन्हा पुन्हा: गेलेल्या माणसाच्या कमाईचा पुरावा. मृत्यूचा दाखला, आधार कार्डं, रेशन कार्ड, लग्नाचा दाखला, हे कोणीही सांगेल आणि नंतरही मिळेल. वही नंतर मिळत नाही.

आजच्या आज एक मोठी पिशवी घ्या आणि त्याच्या हाताचा प्रत्येक कागद त्यात टाका. वह्या, बिलबुकं, खिशातल्या चिठ्ठ्या, भिंतीवरच्या कॅलेंडरवर केलेल्या नोंदी. काय उपयोगाचं, काय नाही हे तुम्ही ठरवू नका, वकील ठरवतील. मोबाइल चार्ज करून कपाटात ठेवा. फॉरमॅट नाही, मुलांना खेळायला नाही, दुरुस्तीला नाही. गिऱ्हाइकांशी व्हॉट्सॲपवर ठरलेले दर, 'पैसे पाठवले' असे मेसेज, यूपीआयची नोंद, सगळं त्यात आहे. ते कोर्टात दाखवताना सोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं आणि उलटतपासणीत मूळ फोनची विचारणा होऊ शकते, म्हणून नुसते स्क्रीनशॉट काढून फोन विकू नका. सिम रिचार्ज करत राहा. बंद पडलेला नंबर कंपनी दुसऱ्याला देते. मात्र त्या नंबरवर ओटीपी घेऊन त्याच्या खात्यातले पैसे काढू नका. बँकेला मृत्यू कळवा, रीतसर अर्ज करा आणि त्याच अर्जासोबत मागच्या तीन वर्षांचं खात्याचं स्टेटमेंट मागून घ्या.

आयकर विवरणपत्र भरलेलं असेल तर निम्मं काम झालं. पगारदार असेल तर नेमणूकपत्र, पगाराच्या स्लिपा, फॉर्म १६, आणि कंपनीतून कोण साक्षीला येईल त्याचं नाव. धंदा असेल तर उद्यम नोंदणी, शॉप ॲक्टचा परवाना, माल घेतला त्या दुकानाची बिलं. हातात यातलं काहीच नसेल तर आडवाटेने जा: गाडीच्या कर्जाचे हप्ते, मुलांच्या फीच्या पावत्या, घरभाडं, विम्याचे हप्ते. नऊ हजार कमावणारा माणूस सहा हजारांचा हप्ता वर्षानुवर्षं वेळेवर कसा भरेल, हा प्रश्न न्यायाधीशांपुढे मांडता येतो. ज्यांच्याकडे त्याने कामं केली त्यांचे फोन नंबर लिहून घ्या आणि महिन्याच्या आत भेटून या. आज ते हळहळतात, दोन वर्षांनी साक्षीला या म्हटलं की टाळतात. शेतकरी असेल तर सातबारा आणि बाजार समितीच्या पट्ट्या, म्हणजे माल विकल्याच्या पावत्या, ठेवा, पण जमीन मागे राहते म्हणून सगळं पीक त्याचं उत्पन्न धरत नाहीत, तो स्वतः किती राबायचा आणि काय बघायचा हे दाखवावं लागतं. गृहिणी गेली असेल तर 'ती कमवत नव्हती' असं कुठेही लिहून देऊ नका. घरकामाचं मोल धरूनच हिशेब व्हायला हवा, हे सर्वोच्च न्यायालयाने कीर्ती खटल्यात २०२१ मध्ये स्पष्ट केलं आहे.

आणि बोलण्याकडेही लक्ष द्या. पोलीस जबाब घेताना सहज विचारतात, किती कमवायचे? दुःखात माणूस म्हणतो, होते दहा-बारा हजार. ते कागदावर येतं आणि पुढे तोच कागद उलटतपासणीत तोंडासमोर धरतात. पोलीस जो फॉर्म भरून घेतात त्यातही उत्पन्नाचा रकाना असतो. पिशवीतले कागद बघितल्याशिवाय आकडा सांगू नका. फुगवूनही सांगू नका, एक आकडा खोटा ठरला की बाकीच्या सगळ्यावर संशय येतो.

आता पोलिसांकडचं. एफआयआर, घटनास्थळ पंचनामा, मरणोत्तर पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल, दोन्ही गाड्यांचे तपशील, चालकाचा परवाना, विम्याची पॉलिसी. एफआयआर वाचून घ्या, शब्दन् शब्द. गाडीचा नंबर बरोबर आहे का, आणि चूक कोणाची लिहिली आहे. गेलेल्या माणसाच्याच माथी दोष मारलेला असेल तर गप्प बसू नका, साक्षीदारांची नावं देऊन लेखी अर्ज करा आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या. आसपासच्या सीसीटीव्हीचं चित्रण काही दिवसांतच पुसलं जातं, तेव्हा ते जप्त करा असा लेखी अर्ज पहिल्या दोन दिवसांत जायला हवा. दवाखान्यात काही दिवस काढून मृत्यू झाला असेल तर शवविच्छेदन नको म्हणू नका. मला माहीत आहे ते किती जड जातं. पण ते झालं नाही तर मृत्यू अपघातामुळेच झाला हे दाखवताना दमछाक होते. दवाखान्याची मूळ बिलं जपा.

१ एप्रिल २०२२ पासूनच्या नियमांनुसार पोलिसांनी ४८ तासांत पहिला अहवाल आणि ९० दिवसांत सविस्तर अहवाल न्यायाधिकरणाला द्यायचा असतो, आणि तो अहवालच क्लेमचा अर्ज मानता येतो. चांगलं आहे. पण त्यावर विसंबू नका, कारण त्या अहवालात तुमच्या माणसाचं उत्पन्न तुम्ही जेवढं दाखवाल तेवढंच येणार. तपासी अंमलदाराकडे पिशवीतल्या कागदांच्या झेरॉक्स द्या, पुन्हा पोच घ्या. मूळ वही कोणाच्याही हातात देऊ नका. तपासी अंमलदाराच्या नाही, एजंटच्या तर नाहीच.

मुदत सहा महिने, अपघाताच्या तारखेपासून. भावाच्या वेळी ही अट नव्हती, त्यामुळे जुने जाणकार 'घाई नाही' म्हणतील. त्यांचं ऐकू नका. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे, पण त्या भरवशावर बसू नका. क्लेम अपघाताच्या ठिकाणीच लावावा लागतो असं नाही, तुम्ही राहता तिथल्या न्यायाधिकरणातही चालतो. विधवेला दर तारखेला दोनशे किलोमीटर जायला लावणारा वकील बदला.

वकिलाबद्दल. दवाखान्याच्या दारात किंवा दशक्रियेच्या घाटावर कार्ड देणाऱ्याला काम देऊ नका. मिळेल त्यातले इतके टक्के, असा करार करायला बार कौन्सिलचे नियम वकिलाला मनाई करतात. फी आधी ठरवा, लेखी. परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयाच्या आवारातच जिल्हा विधी सेवा प्राधिकरण असतं. स्त्रिया आणि मुलांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. हे आम्हाला निकालानंतर कळलं.

कोऱ्या कागदावर सही नाही. 'आमची कोणाविरुद्ध तक्रार नाही' अशा जबाबावर सही नाही, गाडीमालक कितीही रडला तरी. एक मोठा धोका वेगळा सांगतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६४ खाली चूक सिद्ध न करता मृत्यूसाठी ५ लाख मिळतात, आणि हातात पैसा नसताना ते फार वाटतात. पण ते स्वीकारले की कलम १६६ चा, म्हणजे उत्पन्नावर हिशेब होणारा मोठा दावा संपतो. आधी वर दिलेलं गणित मांडा, मग ठरवा. चूक खरोखरच सिद्ध होणार नसेल तर ५ लाख योग्य. धडक देऊन पळालेली गाडी सापडलीच नाही तर २ लाखांची योजना आहे, अर्ज प्रांत किंवा तहसीलदार कार्यालयात. कामावर असताना मृत्यू झाला असेल तर कामगार भरपाईचाही रस्ता आहे, पण दोन्हींपैकी एकच.

वयाचा पुरावा शाळा सोडल्याच्या दाखल्याचा द्या. आधारवर आणि दाखल्यावर जन्मतारीख वेगळी असेल तर वकिलांना आधीच सांगा, ३५ आणि ३६ मध्ये गुणक १६ चा १५ होतो. दाव्यात बायको, मुलं, आई-वडील सगळ्यांची नावं घाला, लग्न झालेल्या मुलीचंही. सहवासाच्या नुकसानीचे प्रत्येकी ४० हजार, अंत्यविधीचे १५ हजार, मालमत्तेच्या नुकसानीचे १५ हजार हे २०१७ चे आकडे, दर तीन वर्षांनी १० टक्क्यांनी वाढतात. एलआयसीचे आणि पीएफचे पैसे मिळाले म्हणून भरपाईतून वजा होत नाहीत, ते लपवू नका.

साक्षीच्या आदल्या दिवशी पिशवी उघडून सगळं एकदा वाचा. साक्ष देणाऱ्या बाईला आकडे पाठ नकोत, पण कुठला कागद कशाचा हे तिला सांगता यायला हवं. वही असेल तर ती कोणाच्या अक्षरात आहे हे तिनेच सांगायचं असतं.

लोकअदालतीत कंपनी तडजोडीचा आकडा देईल. मनाशी हिशेब करूनच जा. निकाल लागला की प्रमाणित प्रत, बँक पासबुक, पॅन. अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालच्या मुलांचा हिस्सा मुदत ठेवीत जातो, त्यावर भांडू नका. व्याज अर्जाच्या तारखेपासून मिळतं, ते लावलं आहे का बघा.

आकडा कमी वाटला तर उच्च न्यायालयात अपील, ९० दिवसांत. पण तिथे नवा पुरावा सहजासहजी घेत नाहीत. आम्ही गेलो होतो. त्या वकिलांनी फाइल उलटीपालटी केली, भाऊ काय काम करायचा ते विचारलं, आणि मग म्हणाले, 'कामाची वही ठेवत असतील ना ते?'