हिरडीची गम ग्राफ्ट शस्त्रक्रिया: आधीची तयारी आणि नंतरची काळजी

हिरडी खाली सरकून दाताचे मूळ उघडे पडले, की थंड पाण्याच्या पहिल्याच घोटाला कळ येते आणि आरशात तो दात शेजारच्या दातापेक्षा लांब दिसू लागतो. एकदा सरकलेली हिरडी आपोआप पूर्ववत वर येत नाही. तरीही अशा प्रत्येक दाताला गम ग्राफ्ट, म्हणजे उघड्या मुळावर दुसरीकडची ऊती बसवण्याची शस्त्रक्रिया, लागतेच असे नाही; हिरडी आणखी सरकत नसेल, जागा स्वच्छ राहत असेल आणि त्रास नसेल, तर काही काळ केवळ लक्ष ठेवणे पुरेसे असते. म्हणून तपासणीच्या वेळी ‘शस्त्रक्रिया कधी?’ यापेक्षा ‘हिरडी सरकली कशामुळे?’ हा प्रश्न आधी विचारावा. कडक ब्रशने आडवे घासण्याची सवय, हिरड्यांचा जुना आजार, मशेरी किंवा तंबाखू, मुळातच पातळ असलेली हिरडी, यांपैकी जे कारण असेल ते तसेच राहू दिले, तर नवीन बसवलेली हिरडीही पुन्हा खाली जाऊ शकते.

हे काम हिरड्यांच्या तज्ज्ञाचे, म्हणजे पेरिओडॉन्टिस्टचे आहे. गोव्यात खासगी दवाखान्यांबरोबरच बांबोळीच्या गोवा दंत महाविद्यालयातही हिरड्यांवरील उपचारांचा विभाग आहे. शस्त्रक्रियेआधी दात साफ करून घेणे, मधुमेह असल्यास साखर आटोक्यात आणणे आणि तंबाखू व सिगारेट पूर्ण बंद करणे आवश्यक असते. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती स्वतःहून कधीही थांबवू नये. दंतवैद्याला तिची कल्पना द्यावी आणि निर्णय मूळ डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावा. तारीखही विचारपूर्वक ठरवावी. चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, तोंडावर आली असताना ही शस्त्रक्रिया करून घेतली, तर घरात नेवऱ्या आणि लाडू असताना ते बाजूला ठेवावे लागतात, आणि तिथेच संयम सुटतो.

शस्त्रक्रिया जागेपुरती भूल देऊन होते. बहुतेक वेळा तोंडातल्या टाळूच्या वरच्या थराखालून ऊतीचा पातळ तुकडा काढतात आणि स्वच्छ केलेल्या मुळावर ठेवून बारीक टाक्यांनी शिवतात. त्यामुळे तोंडात एक नव्हे, दोन जखमा असतात, आणि पुष्कळांना हिरडीपेक्षा टाळूच जास्त दुखते, हे आधीच ठाऊक असलेले बरे.

पुढची सगळी पथ्ये एका गोष्टीसाठी आहेत. बसवलेल्या तुकड्याला सुरुवातीचे दोन-तीन दिवस स्वतःचा रक्तपुरवठा नसतो. खालच्या जागेतून झिरपणाऱ्या द्रवावर तो तग धरतो आणि त्यानंतर हळूहळू त्यात नव्या रक्तवाहिन्या शिरतात. या काळात तो जराही हलला, तर त्या नाजूक वाहिन्या तुटतात. म्हणूनच ओठ ओढून आरशात पाहण्याचा मोह कटाक्षाने टाळावा, कारण ओठ ताणला की टाकेही ताणले जातात. चुकून दिसलेच, तर तुकड्यावरचा पांढुरका थर पाहून घाबरू नये. वरची पातळ साल निघून खाली गुलाबी ऊती येणे हा भरून येण्याचाच भाग असतो.

पहिल्या दिवशी गालावर बाहेरून बर्फ वीस मिनिटे ठेवून वीस मिनिटे काढावा आणि रात्री डोके उंच ठेवून झोपावे. सूज साधारण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वाधिक असते आणि मग ओसरते. टाळूतून रक्त आले तर थुंकू नये व चुळा भरू नयेत. ओल्या गॉझची घडी टाळूवर बोटाने वीस मिनिटे न उचलता दाबून धरावी. मधूनमधून उचलून पाहिले, तर धरलेली गुठळी निघून येते. हिरडीवरचा तुकडा मात्र असा दाबू नये. वेदनाशामक गोळी भूल पूर्ण उतरण्याआधीच, सांगितलेल्या मात्रेत घ्यावी.

जेवणाच्या बाबतीत गोव्याचे स्वयंपाकघर सोयीचे आहे. मऊ शिजवलेली उकड्या तांदळाची पेज, नाचणी, नारळाचा रस आणि गूळ घालून केलेले तिजण, दही-भात, हे सर्व कोमट वा गार करून, शस्त्रक्रिया नसलेल्या बाजूने घ्यावे. पुढे काटे नीट काढलेला इसवणाचा (सुरमईचा) तुकडा चालतो, पण तारले-पेडव्यांसारखे काटेरी मासे, मिरची-आमसुलाचे झणझणीत हुमण (माशाची आमटी) आणि पोदेराकडचा कडक उंडा (पाव) यांना पहिले दोन आठवडे हात लावू नये. स्ट्रॉने काही ओढून पिऊ नये, कारण त्या ओढीने गुठळी सुटू शकते. मद्यही वर्ज्य समजावे, विशेषतः मेट्रोनिडाझोल हे प्रतिजैविक दिले असेल तर.

त्या जागी ब्रश पूर्ण बंद, इतर दात मात्र रोज घासायचे. दिलेले क्लोरहेक्सिडीन, म्हणजे जंतुनाशक माउथवॉश, जोराने खळखळू नये. मान एका बाजूला कलवून ते जागेवरून फिरू द्यावे आणि तोंडातून आपोआप गळू द्यावे. त्याने दातांवर येणारे तपकिरी डाग नंतर साफ करता येतात. टाके साधारण 10 ते 14 दिवसांनी काढतात. ब्रश पुन्हा कधी सुरू करायचा हे डॉक्टरांना विचारूनच ठरवावे आणि तेव्हा अतिशय मऊ ब्रश हिरडीकडून दाताच्या टोकाकडे हलकेच फिरवावा.

दाबूनही न थांबणारे रक्त, ताप, पू, तिसऱ्या दिवसानंतर वाढत जाणारी सूज किंवा टाक्यासह तुकडा सैल झाल्याचे जाणवणे, यांपैकी काहीही झाल्यास पुढच्या भेटीची वाट न पाहता त्याच दिवशी दवाखान्यात फोन करावा.