कलासंस्था चालवणाऱ्यांच्या सुगम्यता प्रशिक्षणासाठी निधी मागण्यापूर्वी : तयारीची यादी

मराठवाड्यातील नाट्यगृहांचे व्यवस्थापक, साहित्य-संगीत संस्थांचे कार्यवाह, कलादालनांतील कर्मचारी आणि महोत्सवांचे संयोजक यांना दिव्यांग प्रेक्षक व कलावंतांसाठी कार्यक्रम सुगम्य कसा करावा हे शिकवायचे असेल, तर त्यासाठी निधी मागण्याची तयारी अर्ज भरण्याच्या चार-सहा महिने आधीच सुरू करावी लागते. रॅम्पसाठी पैसे मागणे तुलनेने सोपे असते, कारण झालेले काम छायाचित्रात दाखवता येते. माणसांच्या शिक्षणासाठी मागणे अवघड जाते, तरीही माझ्या मते आधी मागायचे ते हेच. रॅम्प बांधलेला असतो, पण त्याच्या टोकाचे दार कुलूपबंद असते आणि किल्ली कोणाकडे आहे हे दारावरच्या माणसाला सांगता येत नाही, असे प्रसंग आपल्याकडे अनेकांनी पाहिले आहेत, आणि त्यावर सिमेंटचा उपाय चालत नाही.

सर्वांत आधी प्रशिक्षणाला कोण बसणार हे नावानिशी आणि हुद्द्यानिशी लिहून काढावे. संस्थेचे अध्यक्ष आणि सचिव एवढेच आले तर प्रशिक्षण कागदावर राहते. तिकीट खिडकीवरचा कर्मचारी, प्रेक्षकांना जागा दाखवणारे स्वयंसेवक, प्रकाशयोजना व ध्वनी सांभाळणारे तंत्रज्ञ, निमंत्रणपत्रिका आणि समाजमाध्यमांवरचा मजकूर तयार करणारी व्यक्ती आणि हिशेबनीस यांची नावे यादीत असलीच पाहिजेत. छत्रपती संभाजीनगरचे संत एकनाथ रंगमंदिर किंवा नांदेडचे डॉ. शंकरराव चव्हाण प्रेक्षागृह यांसारखी सभागृहे महापालिकांची असल्यामुळे तेथील कर्मचाऱ्यांना पाठवण्यासाठी आयुक्तांचे, आणि नगरपालिकेच्या सभागृहांसाठी मुख्याधिकाऱ्यांचे, लेखी पत्र आधी मिळवावे लागते. हे पत्र अर्जासोबत जोडले की देणगीदाराचा विश्वासही वाढतो.

त्यानंतर आपल्याच वास्तूची पाहणी करावी, आणि ती चाकाची खुर्ची वापरणारी, अंध व कर्णबधिर अशा व्यक्तींना सोबत घेऊन आणि त्यांना मानधन देऊन करावी. पाहणी वाहनतळापासून सुरू करून प्रसाधनगृह, उपाहारगृह, रंगमंच आणि रंगपटापर्यंत न्यावी. प्रेक्षागृहात पोहोचण्याची सोय पुष्कळ ठिकाणी थोडीफार झालेली असते, रंगमंचावर पोहोचण्याची मात्र फार क्वचित असते. याचे सर्वांत बोचणारे रूप पारितोषिक वितरणात दिसते: विजेत्याचे नाव पुकारले जाते, पाहुणे सन्मानचिन्ह घेऊन पायऱ्या उतरून खाली येतात, छायाचित्रकार वळतो, आणि ज्या कलावंताने त्या रंगमंचावर उभे राहण्याचा हक्क कमावला आहे त्याचा सत्कार पहिल्या रांगेसमोरच्या चिंचोळ्या जागेत होतो. येथे मोजमाप ठाऊक असणे उपयोगी पडते. रॅम्पचा उतार एकास बारा असावा असे मानक आहे, म्हणजे 1 मीटर उंचीच्या रंगमंचासाठी 12 मीटर लांबीचा उतार लागतो आणि मधले सपाट थांबे त्याहून वेगळे. एवढी जागा नसेल तर उद्वाहक किंवा वर-खाली सरकणारा मंच यांचा विचार करावा लागतो, किंवा पारितोषिके सर्वांनाच खालच्या पातळीवर द्यावीत असा निर्णय घ्यावा लागतो. हा निर्णय व्यवस्थापकाचा आहे आणि तो घेता यावा म्हणूनच प्रशिक्षण हवे, हे अर्जात स्पष्ट लिहावे.

कायद्याचा आधार थोडक्यात पण अचूक द्यावा. दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, 2016 हा 19 एप्रिल 2017 पासून लागू झाला आणि त्यात 21 प्रकारच्या दिव्यांगत्वांचा समावेश आहे. कलम 29 सांस्कृतिक जीवनातील सहभागाविषयी आहे आणि दिव्यांगांसाठी कला सुगम्य करण्याचा उल्लेख त्यात स्पष्टपणे येतो. कलम 47 मनुष्यबळ विकासाविषयी असून पंचायत सदस्यांपासून प्रशासकांपर्यंत अनेकांच्या प्रशिक्षणात दिव्यांगांच्या हक्कांचा विषय असावा असे ते सांगते. राजीव रतुरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 8 नोव्हेंबर 2024 रोजी दिलेला निकालही नमूद करावा, कारण सुगम्यतेचे नियम केवळ शिफारशीच्या स्वरूपात ठेवता येणार नाहीत, किमान मानके बंधनकारकच असली पाहिजेत, अशी भूमिका त्यात घेतली आहे. कलमांची लांबलचक उद्धरणे मात्र टाळावीत, ती कोणी वाचत नाही.

निधी कोठून मागायचा हे ठरवताना प्रत्येक स्रोताचा हेतू काय आहे ते पाहावे. केंद्राच्या दिव्यांग सक्षमीकरण विभागाच्या, अधिनियमाच्या अंमलबजावणीसाठी असलेल्या ‘सिपडा’ योजनेत केंद्र, राज्य आणि स्थानिक संस्थांच्या कर्मचाऱ्यांचे सेवांतर्गत प्रशिक्षण व संवेदीकरण हा घटक आहे, म्हणून महापालिकेची नाट्यगृहे सहभागी असतील तर महापालिकेलाच पुढे करून प्रस्ताव न्यावा. केंद्रीय संस्कृती मंत्रालयाकडून नोंदणीकृत संस्थांना कार्यशाळा व परिसंवादांसाठी अनुदान मिळते आणि त्यासाठी स्वयंसेवी संस्थांसाठी असलेल्या सरकारी दर्पण पोर्टलवरील नोंदणी आवश्यक असते. वाळूज, शेंद्रा किंवा जालन्याच्या औद्योगिक वसाहतींतील कंपन्यांकडे जाताना कंपन्यांच्या सामाजिक दायित्वाच्या खर्चात (सीएसआर) कोणती कामे बसतात हे सांगणाऱ्या, कंपनी अधिनियम, 2013 च्या सातव्या अनुसूचीतील कोणत्या बाबीखाली आपला प्रकल्प बसतो हे आपणच लिहून न्यावे. कला व संस्कृतीचे संवर्धन ही त्यातील एक बाब आहे. अंमलबजावणी करणाऱ्या संस्थेने सीएसआर-1 हा अर्ज भरून नोंदणी क्रमांक घेतलेला असावा लागतो. परदेशी संस्थेकडून रक्कम घ्यायची असेल तर विदेशी अंशदान नियमन कायद्याखालील नोंदणी किंवा पूर्वपरवानगी हातात असल्याखेरीज बोलणीही पुढे नेऊ नयेत. महापालिका, नगरपालिका आणि ग्रामपंचायती स्वउत्पन्नाचा 5 टक्के भाग दिव्यांग कल्याणासाठी राखून ठेवतात. त्या रकमेतून आपल्या कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण भागवण्याचा मोह काही जणांना होतो, पण तो पैसा दिव्यांग व्यक्तींपर्यंत थेट पोहोचायचा आहे आणि आपण त्यात वाटेकरी होऊ नये, असे मला मनापासून वाटते.

कागदपत्रांबद्दल फार सांगण्यासारखे नाही, मात्र एका जागी बहुतेक संस्था अडकतात. विश्वस्त बदलले तरी धर्मादाय कार्यालयात दाखल केलेला चेंज रिपोर्ट (बदलाची नोंद) मंजूर झालेला नसतो, आणि ठरावावर सही करणारे सचिव परिशिष्ट एकच्या, म्हणजे विश्वस्तांच्या अधिकृत नोंदीच्या, उताऱ्यावर दिसतच नाहीत. हे प्रकरण महिनोन्महिने चालते, म्हणून ते आधी तपासावे. तीन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल, प्राप्तिकर सवलतीची 12अ आणि 80जी प्रमाणपत्रे, पॅन आणि कार्यकारिणीचा ठराव एका फाइलीत लावून ठेवावा.

अंदाजपत्रकावर मात्र पुरेसा वेळ द्यावा, कारण संस्थेला विषय समजला आहे की नाही हे त्यातच दिसते. प्रशिक्षणाला कर्णबधिर प्रशिक्षक किंवा प्रशिक्षणार्थी असतील तर भारतीय सांकेतिक भाषेचे दोन दुभाषे धरावेत, कारण हे काम थकवणारे असते आणि साधारण वीस ते तीस मिनिटांनी दुसऱ्याने सूत्र हाती घ्यावे लागते. मूकबधिर विद्यालयातील शिक्षक म्हणजे आपोआप दुभाषा असे गृहीत धरू नये. भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेला दुभाषा-अभ्यासक्रम पूर्ण केलेली व्यक्ती शोधावी, आणि ती पुण्या-मुंबईहून येणार असेल तर प्रवास व मुक्कामाचा खर्च दाखवावा. नाटकाची चित्रफीत दाखवण्यासाठी अंधार केला की दुभाष्याचे हात दिसेनासे होतात, तेव्हा त्याच्यावर एक स्वतंत्र दिवा हवा. तो दिवा कोठे लावायचा हा प्रशिक्षणातलाच धडा आहे. अंध सहभागींसाठी ब्रेल किंवा डिजिटल साहित्य, अल्पदृष्टी असलेल्यांसाठी मोठ्या टंकातील प्रती, आणि ज्यांना मदतनीस लागतो त्यांच्या मदतनीसाचे तिकीट, जेवण व निवास ही प्रत्येक बाब वेगळ्या ओळीत लिहावी. दिव्यांग प्रशिक्षकांचे मानधन इतर तज्ज्ञांइतकेच असावे, त्यांना शाल-श्रीफळावर परत पाठवू नये. प्रत्येक मोठ्या बाबीसाठी लेखी दरपत्रक घ्यावे.

ठिकाणाचाही खर्चावर परिणाम होतो. संभाजीनगर आणि नांदेड यांच्यातील अंतर अडीचशे किलोमीटरहून अधिक आहे, आणि लातूर-धाराशिवकडच्यांना दोन्ही ठिकाणे दूरच पडतात. परभणी रेल्वे जंक्शन असून मध्यावर येते, त्यामुळे एक सत्र तेथे ठेवण्याचा विचार जरूर करावा. मात्र सभागृह तळमजल्यावर आहे का आणि चाकाची खुर्ची प्रसाधनगृहाच्या आत वळते का हे स्वतः पाहिल्याखेरीज आगाऊ रक्कम भरू नये. एप्रिल-मेच्या उन्हात लांबचा प्रवास अनेक दिव्यांग व्यक्तींच्या प्रकृतीला झेपत नाही, तेव्हा पावसाळा ओसरल्यानंतरचा काळ धरावा, म्हणजे हिवाळ्यातील महोत्सवांत शिकलेले लगेच वापरताही येते.

एखाद्या सहकाऱ्याला बाहेरच्या प्रशिक्षणासाठी किंवा कलेतील सुगम्यतेवरच्या एखाद्या परदेशी परिषदेला पाठवण्याचा बेत असेल, तर परतल्यावर जिल्ह्यातील इतर संस्थांसाठी त्याने सत्रे घ्यावीत ही अट ठरावातच घालावी. प्रशिक्षणानंतरच्या किरकोळ सुधारणांसाठीही अंदाजपत्रकात रक्कम ठेवावी. पायऱ्यांच्या कडांवर ठळक पिवळी पट्टी लावायला किंवा रांगेतील दोन खुर्च्या काढून चाकाच्या खुर्चीला जागा करायला फार पैसे लागत नाहीत, पण तेवढेही हाताशी नसले की शिकून आलेला कर्मचारी हिरमुसतो.

अर्ज पाठवण्यापूर्वी तो संगणकावर युनिकोडमध्ये टंकलेला आहे याची खात्री करावी. जुन्या टंकांत केलेला किंवा छायाप्रत काढून चिकटवलेला मजकूर अंध व्यक्तीच्या स्क्रीन रीडरला वाचता येत नाही, आणि आपल्या अंध प्रशिक्षकाला आपलाच प्रस्ताव वाचता आला नाही तर त्याच्या सूचना मिळणार कशा? प्रस्तावाची प्रत त्याला किमान आठवडाभर आधी पाठवावी, त्याचे अभिप्राय मिळाल्यावर अंदाजपत्रक दुरुस्त करावे, आणि मगच अध्यक्षांची सही घ्यावी. अनुदान मंजूर झाले की वेगळी खातेवही उघडून पावत्या पहिल्या दिवसापासून लावत जाव्यात, कारण सरकारी अनुदानाचे उपयोगिता प्रमाणपत्र वेळेत गेले नाही तर पुढच्या वर्षीचा अर्ज तेथेच अडतो.