पहिल्यांदाच अ‍ॅक्रेलिक नखं लावताय? लिक्विडची बाटली उघडायच्या आधी एवढं करा

मागच्या वेळी माझं अ‍ॅक्रेलिक काहीच दिवसांत मुळाकडून सुटायला लागलं. पावडर चांगली होती, प्रायमर (पावडर नखाला धरून राहावी म्हणून आधी लावायचं द्रव) लावला होता, फक्त नखाला चिकटून बसलेली मेलेली कातडी काढायची राहिली होती. म्हणून ही यादी, आणि यात ती कातडी सारखी सारखी येणार आहे.

आधी सामान. लिक्विड आणि पावडर, म्हणजे ज्या दोन गोष्टी मिसळून हे नख बनतं, त्या एकाच कंपनीचं, एकाच सिस्टिमचं घ्या. पावडरमध्ये बेन्झॉइल पेरॉक्साइड असतं, लिक्विडमध्ये त्याला चालना देणारं केमिकल असतं, आणि दोघांचं प्रमाण एकमेकांना धरून ठरवलेलं असतं. इकडचं लिक्विड तिकडची पावडर केली की वरून नख कडक वाटतं पण आत नीट पक्कं झालेलं नसतं. लेबलवर इथाइल मेथाक्रिलेट म्हणजे ईएमए लिहिलंय का बघा. एमएमए म्हणजे मिथाइल मेथाक्रिलेट असेल तर कितीही स्वस्त मिळू दे, घेऊ नका. ते इतकं कडक होतं की कुठे आपटलं तर ते तुटायच्या ऐवजी खालचं खरं नखच फाटतं, आणि अ‍ॅसिटोनमध्येही लवकर सुटत नाही. तक्रारी आल्या म्हणून अमेरिकेच्या एफडीएने (औषधं-सौंदर्यप्रसाधनांवर नजर ठेवणारी सरकारी संस्था) १९७० च्या दशकातच निव्वळ एमएमएवाली लिक्विडं बाजारातून काढायला लावली होती. लेबलच नसलेली बाटली तर हातात पण धरू नका.

ब्रश आठ किंवा दहा नंबरचा. नवा ब्रश खळ लावल्यासारखा ताठ असतो, तो आधी कोरडाच बोटांनी हलके मोकळा करा, मग लिक्विडमध्ये बुडवून पुसा. ब्रश धुवायला अ‍ॅसिटोन वापरायचं नाही, ब्रशचे केस खराब होतात. झाकणाची छोटी वाटी, टिश्यू, नायट्राइलचे ग्लोव्हज, डस्ट मास्क. मास्क फायलिंगच्या धुळीसाठी, लिक्विडच्या वासाला तो काही अडवत नाही, त्यासाठी खिडकी उघडीच ठेवावी लागते. आणि लिक्विड पेट घेतं, जवळपास मेणबत्ती, गॅस काही नको.

टिप्स (नख लांब करायला टोकाला चिकटवायची प्लास्टिकची नखं) लावणार असाल तर दहाही बोटांच्या आत्ताच मापून ओळीने मांडून ठेवा. दोन साइजच्या मधलं बोट असेल तर मोठी घ्या आणि कडा घासा, छोटी दाबून बसवली की ती सुटायलाच बघते. हे आत्ताच करायचं कारण नंतर नख साफ झाल्यावर त्याला बोट लावायचं नाहीये.

आता नख. जुनं पॉलिश काढा, हात धुवा, पुढे. पण पाण्यात भिजवत बसू नका, नख पाणी पितं, फुगतं, आणि नंतर सुकून आकसलं की वरचं अ‍ॅक्रेलिक सुटतं.

आणि आता ती कातडी. क्युटिकल (नखाच्या मुळाशी असलेली कातडी) मागे ढकललं म्हणजे काम झालं असं वाटतं, तसं नाहीये! ढकलल्यावर नखावर एक पातळ पारदर्शक पापुद्रा उरतो, तो दिसत नाही म्हणूनच राहतो. क्युटिकल रिमूव्हर लावा, बाटलीवर लिहिलंय तेवढंच थांबा, पुशरने (कातडी ढकलायचं चपट्या टोकाचं साधन) हलक्या हाताने खरवडा, मग रिमूव्हर पूर्ण पुसून धुऊन टाका आणि नख चांगलं कोरडं होऊ द्या. नख उजेडाकडे तिरकं धरून बघा, पापुद्रा असेल तिथे चकाकी वेगळी दिसते. दोन्ही बाजूंचे कोपरे बघा, अंगठ्याचे तर दोनदा बघा. अ‍ॅक्रेलिक त्या कातडीला चिकटतं, नखाला नाही, आणि कातडी निघाली की तेही निघतं, मग फटीत पाणी जातं आणि तिथे बॅक्टेरिया वाढून नख हिरवं पडू शकतं. जिवंत कातडी मात्र कापायची नाही. फक्त मेलेली.

मग १८० ग्रिटची फाइल (ग्रिट म्हणजे खरखरीतपणाचा नंबर, जितका मोठा तितकी फाइल बारीक), फक्त चमक जाईपर्यंत, जोर नाही. कोपऱ्यात चमक राहिली तर तिथे अजून कातडी आहे किंवा फाइल पोचली नाही, परत मागे जा. हो, परत. धूळ ब्रशने झटका, बोटाने नाही. टिप्स आत्ता चिकटवा. मग डीहायड्रेटर (नखावरचा ओलावा आणि तेलकटपणा काढणारं द्रव), मग प्रायमर अगदी थेंबभर आणि फक्त खऱ्या नखावर. अ‍ॅसिडवाला असेल तर कातडीला भाजतो.

बीड, म्हणजे लिक्विड आणि पावडरची ब्रशच्या टोकावरची गोळी, घेताना ब्रश लिक्विडमध्ये बुडवा, वाटीच्या काठावर निथळा, टोक पावडरवरून फिरवा. नखावर ठेवलेली गोळी स्वतःहून जराशी पसरली पाहिजे पण वाहायला नको. वाहत असेल तर ब्रश टिश्यूला टेकवा, भुसभुशीत असेल तर लिक्विड कमी पडतंय. आधी टेबलावर सुट्या टिपवर सराव करा. खोली थंड असेल तर सेट व्हायला वेळ लागतो, गरम असेल तर पटकन, त्या हिशोबाने हात चालवा. पहिली बीड टोकाला, दुसरी मधे, तिथे जरा उंचवटा ठेवा कारण ताण तिथेच येतो, तिसरी छोटी क्युटिकलपाशी पण कातडीपासून मिलिमीटरभर लांब. कातडीला लागलं तर ओलं असतानाच काढा. हे फक्त दिसण्यासाठी नाही सांगत, कच्चं लिक्विड कातडीला लागत राहिलं की अ‍ॅलर्जी होते, आणि एकदा झाली की सहसा जात नाही, पुढे दातांच्या कामात वापरतात त्या मटेरियलचाही त्रास होऊ शकतो. खाज, लाली, पुरळ दिसलं की थांबा, डॉक्टरांना दाखवा.

ब्रशच्या मागच्या टोकाने टकटक करा, कडक आवाज आला की फाइल. १०० ने आकार, १८० ने सफाई, बफर, धुणं, टॉप कोट, तेल. पूर्ण पक्कं व्हायला एक-दोन दिवस लागतात, तोवर जपून. वाटीत उरलेलं लिक्विड परत बाटलीत ओतू नका.

कुठे सुटलंच तर ग्लूने चिकटवू नका, सुटलेला भाग घासून काढा. पूर्ण काढायचं तर अ‍ॅसिटोनमध्ये अर्धा तास तरी भिजवा, उपटू नका. आणि परत लावायच्या आधी कोपऱ्यातली कातडी बघा.