कुत्रा आणि कासव एकाच घरात ठेवताय? या चुका टाळा

लॅब्रॅडॉरच्या पाठीवर बसलेलं कासव, बीगलच्या नाकासमोर निवांत पडलेला सरडा. असले रील्स बघून हमखास प्रश्न येतो: आमच्याकडे कुत्रा आहे, कासव आणलं तर चालेल का? एका छताखाली चालेल, एका फरशीवर नाही. हा फरक पाळला नाही की सगळं बिघडतं.

'हळूहळू ओळख करून देऊ'

कुत्र्या-मांजराची ओळख करून देतात तशी इथेही करता येईल, असं लोकांना वाटतं. पण मांजर फिसकारतं, पंजा मारतं, नाहीच जमलं तर कपाटावर उडी मारून बसतं. कासवाला यातलं काहीच करता येत नाही, आणि त्याला दोस्तीही नको असते. कुत्रा कितीही प्रेमाने हुंगत असला, तरी कासवाच्या दृष्टीने तो शिकारीच. ते अंग चोरून बसतं आणि घरचे म्हणतात, 'बघा, कसं शांत बसलंय!' ते शांत नसतं, घाबरलेलं असतं. बल्बखाली ऊन घ्यायला वर येणं बंद झालं, खाणं कमी झालं, तर आधी कुत्र्याला त्या खोलीत येणं बंद करा. बिअर्डेड ड्रॅगन जातीचा सरडा असेल तर त्याच्या हनुवटीखालची कातडी काळी पडते. लेपर्ड गेको हा पालीसारखा प्राणी शेपूटच टाकून देतो. ती पुन्हा येते, पण त्या शेपटीत साठवलेली चरबी गेलेली असते.

कुत्र्याकडे बघतानाही गल्लत होते. शेपूट हलतेय म्हणजे खेळायचंय, असं नाही. तोंड मिटलेलं, कान पुढे, मान किंचित खाली, पुढचा एक पाय अर्धवट उचललेला आणि नाव घेतलं तरी नजर टाकीवरून हलत नाही, असा कुत्रा दिसला तर फोटो काढत बसू नका. पट्ट्याला धरून बाहेर न्या. झडप याच्या पुढच्याच क्षणी पडते.

'आमचा लॅब फार गरीब आहे'

असेलही. पण लॅब हा रिट्रीव्हर, आणि ही जातच मारलेला पक्षी तोंडात धरून आणण्यासाठी तयार केलेली आहे. कासव कडक, गोल, जरासं वास मारणारं, म्हणजे त्याच्या लेखी उत्तम चघळणं. त्यात राग नसतो, म्हणून रागावून उपयोगही नसतो. डॅशहंड आणि टेरियर तर बिळातल्या प्राण्यांमागे जाण्यासाठीच वाढवलेले. वर्षभर काही केलं नाही म्हणून पुढेही करणार नाही, याची खात्री कुणी देऊ नये. घरात कुणी नाही, दुपार, कंटाळा आणि उघडं राहिलेलं दार एवढं पुरतं.

'त्याला कवच आहे की'

कवच म्हणजे अंगावर घातलेलं हेल्मेट नव्हे. ते जिवंत हाड आहे. बरगड्या आणि पाठीचा कणा त्यालाच जोडलेले असतात, वरच्या भागाखाली लगेच फुप्फुसं असतात. दात लागला तर दुखतं, रक्त येतं, आणि कुत्र्याच्या लाळेतले जिवाणू आत जातात. बारीक दिसणारी खूणही म्हणूनच हलक्यात घ्यायची नाही.

अशा वेळी पहिली चूक म्हणजे भेगेवर फेविक्विक किंवा एम-सील लावणं. त्याने जंतुसंसर्ग आतच बंद होतो. दुसरी, कासवाला 'बरं वाटेल' म्हणून पाण्यात सोडणं. जखम वरवरची असेल तर मेडिकलमध्ये मिळणाऱ्या सलाइनने धुवा, स्वच्छ गॉज ठेवा, आणि कोरडा टॉवेल घातलेल्या, हवा जाईल अशा खोक्यात ठेवा. भेग खोल असेल, श्वासाबरोबर बुडबुडे येत असतील, तर आत काहीही ओतू नका. त्याच दिवशी डॉक्टर गाठा. यांच्या जखमा भरायला आठवडे नाही, महिने लागतात.

गोचिडाचं औषध

यावर फार कमी लोक बोलतात. आपल्याकडे कुत्र्याला गोचीड झाले की आयव्हरमेक्टिन सर्रास दिलं जातं. कासवासाठी हे औषध जीवघेणं आहे. कवचाजवळ काही चिकटलेलं दिसलं म्हणून कुत्र्याचंच औषध 'थोडंसं' कासवाला देऊ नका. गोचिडाचे स्प्रे आणि मानेवर सोडायचे थेंबही टाकीपासून लांब, दुसऱ्या खोलीत वापरा. ते वाळेपर्यंत कुत्र्याने टाकीत तोंड घालता कामा नये आणि तुम्हीही हात न धुता टाकीला हात लावू नये.

टाकीचं पाणी

कुत्रा टाकीतलं पाणी पितो, यात काय मोठंसं? कासव आणि सरडे ठणठणीत असले तरी त्यांच्या विष्ठेतून साल्मोनेला हा माणसाला जुलाब-ताप आणणारा जंतू पडत असतो. ते पाणी प्यायलेला कुत्रा स्वतः आजारी दिसेलच असं नाही, पण तो जंतू त्याच्यामार्फत घरभर फिरू शकतो. याच कारणाने अमेरिकेत चार इंचांपेक्षा लहान कवचाची कासवं पाळायला विकण्यावर १९७५ पासून बंदी आहे. घरात पाच वर्षांखालचं मूल असेल तर माझं मत स्पष्ट आहे: कासव आणूच नका. आणि टाकी स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये धुणं कायमचं बंद करा.

टाकी जमिनीवर

प्लास्टिकचा उघडा टब बाल्कनीत ठेवणं म्हणजे कुत्र्याला ताट वाढून ठेवणं. काचेची टाकी, घट्ट जाळीचं झाकण, जड स्टँड आणि कुत्र्याला पोहोचणार नाही अशी वायर हवी. ऊन देणारा बल्ब चांगलाच तापतो. धक्क्याने तो पडला तर भाजण्यापासून आगीपर्यंत काहीही होऊ शकतं. त्यावर 'मग खिडकीशी ठेवू' हा उपाय नाही, कारण कासवाला उन्हातून हवी असलेली युव्हीबी किरणं काच अडवते आणि उन्हात टाकीतलं पाणी तापतं. दाराला बाहेरून कडी असलेली खोली मिळाली तर निम्मा प्रश्न सुटला. साप किंवा इग्वाना हा मोठा सरडा असेल तर ती हवीच, कारण इग्वानाचा शेपटीचा फटका कुत्र्याच्या डोळ्यावर बसू शकतो.

मुळात आणलंय काय?

दुकानात नाण्यापेक्षा जरा मोठं दिसणारं हिरवं पिल्लू बहुधा रेड इअर्ड स्लायडर असतं. ते जेवणाच्या ताटलीएवढं होतं आणि वीस-तीस वर्षं सहज जगतं, म्हणजे तुमच्या आताच्या कुत्र्यानंतर येणाऱ्या कुत्र्याचाही विचार आजच करायचा. 'शुभ' म्हणून आणलेलं स्टार कासव पाळणं मात्र वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार गुन्हा आहे. बॉल पायथन (अजगर), इग्वाना अशा परदेशी प्राण्यांची २०२४ च्या नियमांप्रमाणे केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते.

जमत नाही म्हणून स्लायडर तळ्यात सोडू नका. ते आपल्याकडचं नाही, आणि तिथल्या देशी कासवांचं अन्न आणि जागा बळकावतं. नवं घर शोधा किंवा वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर विचारा. आणि एक काम आजच करून ठेवा: कासवं तपासणारे डॉक्टर शहरात कोण आहेत ते शोधा. कुत्र्याचे नेहमीचे डॉक्टर अनेकदा हात लावत नाहीत, आणि रात्री अकराला कवच तडकल्यावर नंबर शोधायला वेळ नसतो.