जुनं घर तपासून घेताना काय कळतं, काय कळत नाही

बडोद्यात जुनं घर बघायला तपासनीस न्यायचा तर भर पावसाळ्यात, दणकून पाऊस झाल्याच्या दुसऱ्या दिवशी. मार्चमध्ये ओली भिंतसुद्धा कोरडी ठणठणीत दिसते.

तपासणी म्हणजे डोळे, हात आणि दोन-चार उपकरणं. पाया, फरशीखालचं ड्रेनेज, भिंतीतली नळी कोणी फोडून बघत नाही. मालकही फोडू देत नाही.

विश्वामित्री नदीच्या आसपास आणि सखल सोसायट्यांत आधी 2019 आणि 2024 च्या पुराची खूण शोधा. नव्या रंगाखाली ती झाकलेली असते, पण मीटरच्या पेटीची आतली बाजू, भिंतीतल्या कपाटाची मागची फळी आणि जिन्याखालचा कोपरा सहसा कोणी रंगवत नाही. मेन स्विच बंद करून सगळ्यात खालच्या स्विचबोर्डाची पट्टी उघडायला सांगा. डबीच्या तळाशी वाळलेला गाळ असेल तर पाणी तिथवर चढलं होतं.

गिलाव्यावर नाण्याने टकटक करत जा. बद्द आवाज आला तिथे गिलावा सुटलाय. छताला सळईच्या रेषेत सरळ तडा असेल तर आतली सळई गंजून फुगलीय आणि काँक्रीट बाहेर ढकलतेय. वरून लांबी (पुट्टी) भरून हे थांबत नाही. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरका जाणारा तडा वेगळा. इथली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि पाया हलतो. तडा अजून वाढतोय का, हे एका भेटीत कोणालाच सांगता येणार नाही. त्याच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने खूण करा, शेजारी तारीख लिहा, तीन महिन्यांनी परत बघा. विकणारा तेवढा थांबत नाही, ही खरी अडचण.

बाथरूमची जाळी कापडाचा बोळा कोंबून बंद करा, दोन इंच पाणी भरून 24 तास ठेवा. मात्र निकाल दिसतो खालच्या मजल्याच्या छतावर, तेव्हा खालच्या काकूंना आधी विचारून ठेवा.

विजेचं दोन मिनिटांत कळतं. आरसीसीबी म्हणजे गळती झाली की वीज तोडणारा स्विच; त्याचं टेस्ट बटण दाबलं की तो लगेच पडायला हवा. सॉकेटमध्ये मल्टिमीटर लावून फेज-न्यूट्रलमध्ये 230 आणि फेज-अर्थमध्ये 120 व्होल्ट आले तर अर्थिंग गेलेलं आहे. पाइपातल्या वायरींचं आवरण किती उरलंय, हे मात्र यातून कळत नाही.

पोळीतल्या (जुन्या शहराच्या गल्लीतल्या) लाकडी घरात तुळईचं भिंतीत शिरलेलं टोक सगळ्यात आधी कुजतं, आणि तेच दिसत नाही. टोकाजवळ स्क्रूड्रायव्हर टोचून बघा. सहज आत गेला तर बाकीचा अंदाज करा.

अहवालात न पाहिलेल्या जागांची कारणांसह यादी मागा: कुलूपबंद खोली, सामानाने भरलेला माळा, शिडी नसलेली अगाशी. दस्तऐवज आणि मंजूर नकाशा वकिलाने बघायचा. हे सगळं बानाखत (खरेदीचा करार) करण्याआधी. विसार दिल्यावर घासाघीस करायला काही उरत नाही.